यात काही राम नाही

गेल्या महिन्यात मी एक पुस्तक विकलं. एक म्हणजे एक प्रत. धंद्यातली माणसं हे वाचून 'अरे वा' म्हणतील. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगते.

आमचं प्रकाशन नारायण पेठेत आहे. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, खाली बाइंडर. त्याचं कटिंग मशीन चाललं की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. दारावर पाटी आहे, पाटीवर 'प्रकाशन' आहे, आत मी आहे. संपादक, मुद्रितशोधक, हिशेबनीस, हमाल ही सगळी पदं भरलेली आहेत आणि सगळ्या पदांवर एकाच बाईची नेमणूक झाली आहे. पगारही सगळ्यांना सारखाच, म्हणजे नाही.

तर दुपारी फोन वाजला.

"प्रकाशक आहेत का?"

"बोलतेय."

"नाही, साहेब. मालक."

"मीच मालक."

पलीकडे जरा शांतता. मग, "बरं बरं. मग विक्री विभागाला जोडून द्या, ताई."

मी फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. "विक्री विभाग. बोला, सर."

"मी अंबाजोगाईहून बोलायलोय. रिटायर्ड मुख्याध्यापक. तुमची ती कादंबरी पाहिजे होती. तो माणूस घर सोडून जातो बघा, ती."

मी खुर्चीत ताठ बसले. त्या कादंबरीची तीनशे प्रतींची आवृत्ती. त्यातल्या अडीचशे अजून माझ्या पाठीमागे भिंतीला टेकून उभ्या आहेत. पूर्वी हजाराची आवृत्ती काढायचे लोक. त्यांच्याकडे भिंती जास्त असाव्यात. या खोलीतून घर सोडून जायला फक्त कादंबरीतला नायक तयार असतो, कादंबरी नाही. आणि इथे एक माणूस आपण होऊन, स्वतःचा फोन खर्च करून ती मागत होता.

"तीनशे रुपये, सर."

"छापील किंमत झाली ती. आपल्यात काय?"

छापील किंमत पुस्तकावर का छापतात, हे मला या धंद्यात आल्यावर कळलं. कुठून खाली यायचं ते ठरलेलं असावं म्हणून. मी दहा टक्के म्हटलं. सर म्हणाले, दुकानदाराला चाळीस देता ते आम्हाला ठाऊक आहे. खरं आहे. दुकानदाराला चाळीस देतो, वितरकाला त्याहून जास्त देतो. उरलेले साठ ते आम्हाला देत नाहीत, एवढंच सरांना सांगायचं राहून गेलं. 'विक्री झाल्यावर पैसे' या बोलीवर पुस्तकं जातात आणि 'पंधरा तारखेनंतर फोन करा' या बोलीवर पैसे अडकतात. कोणत्या महिन्याची पंधरा, ते मी कधी विचारलं नाही. संबंध बिघडतात.

"आणि ताई, मराठी आता अभिजात झाली की," सर म्हणाले. "३ ऑक्टोबर २०२४. मग पुस्तकं स्वस्त नकोत का व्हायला?"

"कागद अजून अभिजात झाला नाही, सर."

"आम्ही आद्यकवी मुकुंदराजांच्या गावचे. त्याचं काही?"

याच्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस टक्क्यांवर तुटलं. दोनशे दहा रुपये, पोस्टेज माझं. फोन ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "पीडीएफ नाही का हो? व्हाट्सॅपवर टाकली असती तर तुमचंच पोस्टेज वाचलं असतं."

पैसे नातू पाठवणार होता. संध्याकाळी मोबाइल वाजला: एक रुपया जमा. पाठोपाठ फोन. "आला का? बरोबर तुम्हालाच ना?" मग अर्ध्या तासाने दोनशे नऊ. आमच्या खातेवहीत त्या दिवसाच्या जमेच्या बाजूला दोन नोंदी आहेत. एवढी उलाढाल क्वचित होते.

आता ही कादंबरी काय चीज आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं रामायण तिच्यामुळेच झालं. रामायण हा शब्द मी जपून वापरते आहे.

नायकाचं नाव मुळात राम होतं. पानं लागली, पंधरा फर्मे म्हणजे दोनशे चाळीस पानं, मुखपृष्ठ तयार, प्लेट उद्या निघणार. आदल्या संध्याकाळी लेखकाचा फोन. त्यांच्या आत्याचे यजमान रामभाऊ, त्यांच्याशी जमिनीचा दावा कोर्टात आहे. कादंबरीतला राम घर सोडतो, कर्ज बुडवतो, एका प्रकरणात थोडी दारूही पितो. वकील म्हणाला, नाव बदला. अनंत करा. अनंत नावाचं आमच्या नात्यात कुणी नाही.

मी डीटीपीवाल्या मुलाला सांगितलं. हुशार मुलगा. त्याने 'राम' शोधून 'अनंत' टाकायचा हुकूम दिला, सगळीकडे, एका झटक्यात. पडद्यावर आलं: ९८७ ठिकाणी बदल केला. तो म्हणाला, "मॅडम, पाच सेकंदांत!" मी म्हटलं, शाब्बास. ९८७ हा आकडा जरा जास्त आहे, कादंबरीत राम एवढा येत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तीन फर्मे छापून आले. बाइंडरकडचा पोऱ्या ते वर घेऊन आला आणि एक पान माझ्यापुढे धरून त्याने विचारलं, "मॅडम, हा घअनंत कोण?"

मी बघितलं. 'अनंत घअनंतध्ये शिरला तेव्हा आई तुळशीपाशी होती.'

पुढची ओळ: 'बाजाअनंतधून आणलेली पिशवी त्याने खाली ठेवली आणि तो आअनंतखुर्चीत बसला.'

मराठीत दर दुसऱ्या घरामध्ये राम असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरामध्ये असतो, बाजारामध्ये असतो, आरामात असतो, हरामखोरीत तर असतोच. गावात ग्अनंतपंचायत होती. सरपंच परशुअनंत होते. आजी पहाटे उठून तुकाअनंतांचे अभंग म्हणत होती. वाक्याच्या शेवटी पूर्णविअनंत द्यावा असं शाळेतले मास्तर नायकाला शिकवत होते, आणि त्या एका ठिकाणी मात्र मला वाटलं, हे राहू द्यावं, काहीतरी गहन आहे.

मुलगा गोरामोरा झाला. मी त्याला रागावले नाही, कारण शेवटचं प्रूफ मीच 'डोळ्यांखालून' घातलं होतं आणि डोळे त्या वेळी कागदाच्या बिलावर होते. तीन फर्म्यांचा कागद रद्दीत गेला. पुस्तकावर जीएसटी शून्य असतो, कागदावर भरपूर असतो, आणि विक्रीवर करच नसल्यामुळे कागदावर भरलेला वळता करून मिळत नाही. तो आपल्या मनाला लावून घ्यायचा. रद्दीवाल्याने किलोमागे जो भाव दिला तो मी इथे लिहीत नाही. लेखकही हे वाचतात.

पुढच्या चार रात्री मी एकेक अनंत तपासला. खरा अनंत ठेवायचा, खोटा अनंत काढून तिथे राम परत बसवायचा. चौथ्या रात्री नवरा दारात येऊन म्हणाला, "अगं, काय करतेस इतका वेळ?" मी म्हटलं, "घरात राम आणतेय." तो झोपायला गेला. त्या पुस्तकात काही राम उरला नव्हता हे वाक्य मी तेव्हा अक्षरशः, टिंबासकट, जगले.

असो. पुस्तक निघालं. प्रकाशन समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं, वक्ते पुस्तक सोडून सगळ्यावर बोलले, एकूण नेहमीप्रमाणे. कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवली. हा कायदा १९५४चा. प्रती नाही पाठवल्या तर पन्नास रुपयांपर्यंत दंड, शिवाय पुस्तकाच्या किमतीएवढा आणखी दंड. म्हणजे आमच्या पुस्तकाची पूर्ण किंमत, विनासवलत, मोजायला लावता येईल असा एकच माणूस संसदेला सापडला, आणि तो म्हणजे आम्ही.

तर ती एक प्रत.

पूर्वी रजिस्टर्ड बुकपोस्ट होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झालं आणि आम्ही छोटे प्रकाशक काही महिने मोठ्याने उसासे टाकत हिंडलो. मग १ मे २०२५ला ज्ञान पोस्ट सुरू झालं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. स्वस्त आहे, तक्रारीला जागा नाही. फक्त तीनशे ग्रॅम हा आकडा मनात ठेवून पुस्तक बांधावं लागतं. माझी कादंबरी भरते दोनशे एकाहत्तर. पुठ्ठा, खाकी कागद, चिकटपट्टी धरून काट्यावर आलं तीनशे बारा. बारा ग्रॅमसाठी पुढचा टप्पा! मी घरी परत आले, पुठ्ठ्याच्या कडा कात्रीने कातरल्या, चिकटपट्टीचा दुसरा वेढा सोडला, सरांच्या पत्त्यातलं 'आदरणीय' काढलं. शेवटच्याने फरक पडला नसणार, पण त्या क्षणी माणूस काहीही करतो. दोनशे अठ्ठ्याण्णव.

काउंटरवरच्या बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं.

"आत काय आहे?"

"पुस्तक."

"ते झालं. कसलं? ज्ञान पोस्टात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी पुस्तकं जातात."

"कादंबरी आहे."

"म्हणजे यातलं कोणतं?"

गेली अनेक वर्षं मी समीक्षकांना अभिप्रायार्थ दोन-दोन प्रती पाठवते आहे. हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता.

"एक माणूस घर सोडून जातो," मी म्हटलं.

"मग सामाजिक," बाई म्हणाल्या.

"कशामुळे सोडतो?" मागून एका गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या हातात आरडीचं पासबुक होतं.

"कर्ज होतं."

"मग आर्थिक झालं. आर्थिक चालतं का हो?"

"यादीत नाही," बाई म्हणाल्या. "शेवटी काय होतं त्याचं?"

मी सांगणार नव्हते. अडीचशे प्रती अजून विकायच्या आहेत, शेवट असा फुकट सांगून कसं चालेल? पण मागे रांग वाढत होती.

"वारीत जातो. पंढरपूरला."

"धार्मिक!" आरडीवाले म्हणाले.

"पण वारी म्हणजे सांस्कृतिकच ना," त्यांच्या मागची मुलगी म्हणाली. "कॉलेजात आम्हाला प्रोजेक्ट होता."

"म्हणजे शैक्षणिक पण," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. चारही निकषांवर उतरलेलं, इतकी एकमुखी दाद मिळालेलं आमचं हे पहिलंच पुस्तक. आरडीवाल्यांनी जाताना नाव विचारून घेतलं. घेतलं फक्त नाव.

आता हिशेब. आले दोनशे दहा. पुस्तक तयार करायचा खर्च एकशे पस्तीस. लेखकाचं मानधन छापील किमतीवर दहा टक्के, तीस. पुठ्ठा-चिकटपट्टी नऊ. पोस्ट, कर धरून, चोवीस. उरले बारा रुपये. खोलीचं भाडं, वीज, फोन, कात्री आणि माझी दुपार यांत धरलेली नाही. ती धरायची नसते, धरली की माणूस दुकान बंद करतो. बारा रुपये निव्वळ नफा झाला म्हणून मी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाऊन चहा घेतला, आणि नफा संपला.

आठवडाभराने सरांचा फोन. "मिळालं, ताई. वाचायलोय. सावकाश वाचणार." मला भरून आलं. सावकाश वाचणारा वाचक! मी त्या दिवशी भिंतीकडच्या गठ्ठ्यांवरची धूळसुद्धा पुसली.

काल पोस्टमन वर आले. पाकीट बैरंग होतं. पाचाचं एकच तिकीट लावलेलं आणि आत ऐवज बराच. "दुप्पट भरावे लागतील, मॅडम. वीस." अंबाजोगाईचा शिक्का बघून मी हौसेने भरले. वाचकाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, आजकाल येतं कुठे?

पत्र नव्हतं. आठ पानं फूलस्केप, लाल शाईत. वर मधोमध 'शुद्धिपत्र', खाली तक्ता: अनुक्रमांक, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. शेवटच्या रकान्यात १९६२च्या शुद्धलेखन नियमांपैकी आपण कोणता मोडला त्याचा क्रमांक. बहुतेक ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्या चुका बरोबर काढलेल्या, एकही वाद घालण्याजोगी नाही. गुणही दिले होते: शंभरपैकी एकसष्ट. 'मुखपृष्ठ चांगले' असा शेरा.

एकशे अठराव्या क्रमांकापाशी 'शुद्ध' हा रकाना कोरा होता. पान पाच, म्हणजे प्रकाशकाचं मनोगत. ते लिहिलं मी, तपासलं मी, आणि त्या चार रात्रींत ते उघडून बघायचं सुचलं नाही तेही मलाच, कारण त्यात राम कुठून येणार?

'चांगलं मराठी पुस्तक वाचकांपर्यंत पोचावं,' असं मी तिथे म्हटलंय, 'यासाठीचा हा आमचा प्अनंताणिक प्रयत्न.'

समोर सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'शब्द कोशात मिळाला नाही. अर्थ उलट टपाली कळवावा.'