तंजावरच्या मंदिराची सावली पडते, आणि चांगली लांब पडते

दर काही महिन्यांनी तोच फॉरवर्ड येऊन धडकतो: तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही, माथ्यावर ८० टनांचा एकसंध दगड आहे, नंदीसकट सगळं राजराज चोळाने बांधलं, हे ज्ञान इंग्रजांनी दडपलं, आणि आता तिथे नुसतं स्मारक उरलंय.

आधी सावली. सकाळी-संध्याकाळी आवारात ती भली मोठी पसरलेली असते. मग ‘म्हणजे दुपारी बाराची हो’ ही पळवाट निघते. तंजावर साधारण १०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर मध्यान्हीही सूर्य तिथे क्षितिजापासून ५६ अंशच चढतो. उंची ६० मीटर धरली तर कळसाची सावली उत्तरेला ४० मीटर जाते. पायाची बाजू ३० मीटरच्या आसपास, म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत १५. उरलेले २५ मीटर जमिनीवरच पडणार, दुसरीकडे जागा कुठे आहे? एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मध्यान्हीची सावली पायातच राहते, हे खरं. पण असा शून्य सावलीचा दिवस पुण्या-मुंबईतल्या विजेच्या खांबालाही मे महिन्यात लाभतो.

माथ्याचा घुमट अनेक दगड जोडून केलेला आहे. विषय संपला.

नंदी नंतरच्या नायक राजांच्या काळातला, सुब्रह्मण्याचं देऊळही त्यांचंच; अम्मनचं, म्हणजे देवीचं, पांड्य राजांच्या वेळचं. शिवाय तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास इथल्याच भिंतीवर चक्क मराठीत कोरवून घेतला. फॉरवर्ड करणाऱ्या आपल्या मंडळींना नेमकं हेच ठाऊक नसतं!

दडपलं म्हणाल, तर राजराजाचे लेख मंदिराच्या भिंतींवर उघडे आहेत आणि इंग्रज अमदानीतच सरकारी शिलालेखतज्ज्ञाने ते वाचून छापले. मी दिलेलं, माझ्या अक्काने दिलेलं, राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा, अशी राजाची आज्ञा त्यात आहे. देवळाच्या सेवेतल्या ४०० नर्तकींची नावं आहेत. कुणाला कुठल्या गल्लीत घर दिलं, वर्षाला किती भात, सगळा हिशेब. सावलीच्या बाता मारण्यापेक्षा ही यादी फिरवा की.

राहिलं स्मारक. रोजची पूजा चालू आहे, प्रदोषाला नंदीवर अभिषेक होतो, ऐप्पसी या तमिळ महिन्यात राजराजाच्या जन्मनक्षत्राचा उत्सव भरतो. ५ फेब्रुवारी २०२० च्या कुंभाभिषेकाआधी (मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या विधीआधी) तर मंत्र तमिळमध्ये म्हणायचे की संस्कृतमध्ये, यावरून प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं. विधी दोन्ही भाषांत झाले.