मायचा डबा आणि मंगळाचं इंटरनेट

एका लेखात म्हटलंय, अवकाश अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला इंटरनेट आणि प्रोग्रामिंगचे पेपर म्हणजे नुसती भरताड, ते काम कॉम्प्युटरवाल्यांचं. नाही पटलं. मी वरूड तालुक्यातल्या खेड्यातला, असाच कोर्स करतोय. दिवाळीत घरी प्रोजेक्ट घेऊन बसलो तर बाबा म्हणाले, "रॉकेट शिकाले गेलता ना बे? मंग हे का टाइप करून रायला?"

त्याच रात्री सरावासाठी दिलेल्या टेलिमेट्रीत (म्हणजे यानानं खाली पाठवलेल्या मोजमापांत) बॅटरीचं तापमान ६४०० अंश दिसलं. खरं होतं २५. आकड्याचे दोन बाइट, म्हणजे दोन तुकडे, माझ्या प्रोग्रामनं उलट्या क्रमानं वाचले होते, एवढंच! शोधायला अडीच तास गेले. (मधेच लाइन गेली, ते वेगळंच.)

आता इंटरनेट कशाला? टीसीपी म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवायची नेहमीची पद्धत; तिला पाठवलेल्या मालाची पोच लागते. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्गे ती यायला अर्धा सेकंद जातो, चालून जातं. मंगळाला संदेश नुसता पोचायलाच ३ ते २२ मिनिटं. म्हणून तिथं बंडल प्रोटोकॉल: पुढचा दुवा मिळेपर्यंत माल जवळ सांभाळायचा, मिळाला की पुढं द्यायचा. वर्गात हे ऐकलं अन् मायचा डबा आठवला. गावातून एसटीच्या कंडक्टरकडे, वरूडला ओळखीच्या पानठेल्यावर, अमरावतीची गाडी लागली की तिच्यात. भाजी कधीमधी आंबायची, डबा मात्र हरवला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आमची प्रोग्रामिंगची परीक्षा अजून कागदावर होते.