‘आजच्या पोरांना फोल्डरही कळत नाही’ : त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: आमच्या काळी कॉम्प्युटर वापरणाऱ्याला तो कळायचा, फॉरमॅट (सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं) स्वतः मारायचा, डॉसच्या (विंडोजच्या आधीची, टाईप करून चालवायची सिस्टीम) कमांड तोंडपाठ असायच्या. आजच्या पोरांना फाईल कुठे सेव्ह झाली तेही सांगता येत नाही, कारण ती आळशी आहेत आणि मोबाईलने त्यांची अक्कल खाल्ली. मी नवी पेठेत गेली वीसेक वर्षं कॉम्प्युटर शिकवतो. हा मेसेज मला पटत नाही, आणि त्याने पोरं दुखावतात म्हणून जास्तच बोचतो.

‘आमच्या काळी सगळ्यांना यायचं.’ नाही यायचं. आमच्या अख्ख्या गल्लीत एक कॉम्प्युटर होता, आणि ज्याला नाद होता तोच त्याला हात लावायचा. त्या मोजक्या हौशींची तुलना तुम्ही आजच्या घरोघरच्या पोरांशी करताय. 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाल्यावर माऊस धरायला शिकणारी मोठी माणसं आठवा. तीही त्याच काळातली होती.

‘फॉरमॅट स्वतः मारायचो.’ मारायचो, कारण विंडोज 98 सतत अडकायची आणि फ्लॉपीतून व्हायरस यायचे. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच व्हायरसने कितीतरी मशीनमधला डेटा पुसला, काहींची बायॉससुद्धा (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) गेली. बहुतेक लोक तर सीपीयू स्कूटरवर घालून दुकानात आणायचे. प्रिंटर-साऊंडसारखे भाग चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आता आपोआप बसतो. ती कटकट गेली, ज्ञान गेलं नाही.

‘फोल्डर कळत नाही.’ हे मात्र खरं आहे, रोज बघतो. पण का कळत नाही? आयफोन 2007 साली आला आणि त्यात फाईल्सचं ॲप यायला 2017 उजाडलं. ॲन्ड्रॉइडवरही फोटो गॅलरीत दिसतो. तो कुठल्या फोल्डरात आहे हे बघायची वेळच येत नाही. जी गोष्ट बनवणाऱ्यांनी मुद्दाम झाकली, ती न दिसल्याबद्दल लेकरांना का बोलायचं?

मागे अशोक चौकाकडची एक मुलगी बँक परीक्षेचा फॉर्म घेऊन आली. आई विड्या वळते, घरात एकच मोबाईल. फॉर्मला फोटो 20 ते 50 केबीचा आणि सही 10 ते 20 केबीची हवी होती. केबी, एमबी ही फाईलच्या आकाराची मापं, एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. तिचा फोटो तीन एमबीचा. पोर्टल तो घेईना, आणि केबी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कपाट, कप्पा, पाकीट असं करून फोल्डर समजावला, मग एमबीतून केबी कशी होते ते दाखवलं. तासाभरात तिला जमलं. पुढच्या आठवड्यात तिने दोन मैत्रिणींचे फॉर्म भरून दिले. तिला आळशी कसं म्हणणार?

‘यंत्र कळल्याशिवाय वापरणं म्हणजे अडाणीपणा.’ आपल्याच गावात बघा. चादरीवरचा मोर जकार्डच्या (मागावर नक्षी विणणारं यंत्र) भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरतो. लूम चालवणाऱ्या प्रत्येकाला तो पुठ्ठा पाडता येतोच असं नाही. त्याला आपण अडाणी म्हणत नाही. पण धागा तुटला तर जोडायला त्याला यावंच लागतं, आणि पोरांना आपण तेवढंही शिकवलेलं नाही. मोबाईल येतो म्हणजे कॉम्प्युटर येतो, असं आपण मोठ्यांनी धरून चाललो. मला खरी चूक तिथे दिसते.

म्हणून रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लासमध्ये एवढंच घेतो: डाउनलोड कुठे जातं, फाईलच्या नावाचं शेपूट (.jpg, .pdf) काय सांगतं, केबी-एमबी, बॅकअप आणि पासवर्ड. फी नाही. घरातल्या पोराला पाठवा, येताना पेनड्राइव्ह द्या. स्वतः आलात तरी खुर्ची आहे.