वैद्याला काय लिहिता येतं यापेक्षा वैद्य कुठे थांबतो ते विचारा

2025 मध्ये सीसीएमपी (ॲलोपॅथीच्या औषधांचा अभ्यासक्रम) केलेल्या होमिओपॅथना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये वेगळी नोंद द्यायची का, यावरून वाद पेटला आणि 18 सप्टेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. 2020 मध्ये शल्य-शालाक्याच्या (शस्त्रक्रिया आणि डोळे-कान-नाक-घसा) एमएस वैद्यांना 58 शस्त्रक्रियांची मुभा मिळाली तेव्हाही हेच झालं. दर वेळी भांडण परवानगीचं. समोरच्याला धोक्याची लक्षणं ओळखता येतात का, हे कोणीच विचारत नाही. जर्मनीतून हे वाचताना चीड येते ती त्याचीच.

इथे बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीधराला, डॉक्टर म्हणून मान्यता नाही. स्वतंत्रपणे उपचार करायचे तर हाइलप्राक्टिकरचा (डॉक्टर नसलेल्या उपचारकाचा) परवाना लागतो, कायदा 1939चा. वय किमान 25, शाळा पूर्ण केल्याचा दाखला, पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र घेऊन आपल्या भागाच्या गेझुंडहाइट्सआम्टकडे (आरोग्य कार्यालयाकडे) अर्ज करायचा. लेखी परीक्षा मार्च आणि ऑक्टोबरमध्ये होते: 60 प्रश्न, दोन तास, 45 बरोबर आले तरच तोंडी परीक्षेला बोलावतात. काही प्रश्नांत दोन उत्तरं निवडायची असतात. एक चुकलं की पूर्ण प्रश्न गेला.

या परीक्षेत वात-पित्त-कफ नाही. विचारतात ते असं: छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तर आधी काय? कोणता संसर्गजन्य आजार कळवायचा, कोणत्याला हातच लावायचा नाही? आपली हुशार मुलं इथेच अडखळतात. माधवनिदान हा रोगनिदानाचा आयुर्वेदिक ग्रंथ पाठ असतो, पण तोंडी परीक्षेत ‘अँटिबायोटिक सुरू करेन’ असं म्हणून जातात. प्रिस्क्रिप्शनची औषधं हाइलप्राक्टिकरला लिहिताच येत नाहीत. शिवाय हे सगळं जर्मनमध्ये. जर्मनच्या बी-2 पातळीवर थांबलेल्यांनी तोंडीची घाई करू नये.

परवाना मिळाला तरी सरकारी आरोग्य विमा बिल देत नाही, रुग्णाला खिशातून भरावं लागतं. पारा-शिसं असलेली रसौषधं विसरा. चूर्णं बहुतेक वेळा पूरक आहार म्हणून विकली जातात, म्हणजे डबीवर आजाराचं नावही नको. रक्तमोक्षणाची (अशुद्ध रक्त काढण्याची) जळू मात्र इथे कायद्याने औषध आहे.

या व्यवस्थेत मला न पटणारी गोष्टही आहे. हाइलप्राक्टिकरला ठरावीक शिक्षण सक्तीचं नाही. साडेचार वर्षं शिकून वर एक वर्ष इंटर्नशिप केलेला वैद्य आणि शनिवार-रविवारचे वर्ग केलेला माणूस एकाच बाकावर बसतात. परवाना नसलेल्या वैद्याच्या वाट्याला बहुधा हॉटेलातली अभ्यंग-शिरोधारा येते. आपल्या माणसाला तिथे फक्त तेलाचा हात म्हणून ओळखतात, ते मला सहन होत नाही. बर्लिनमध्ये गुडघ्याच्या संधिवातावर 151 रुग्णांना घेऊन 12 आठवड्यांची आयुर्वेदाची चाचणी झाली, 2018 मध्ये तिचे चांगले निष्कर्ष छापून आले, तरीही.

म्हणून संपवाल्यांना विचारावंसं वाटतं: तुमच्या खासगी हॉस्पिटलांत रात्री आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून कोण उभं असतं? 108च्या रुग्णवाहिकेत कोण असतं? पुष्कळदा बीएएमएसच. रात्री चालतो आणि सकाळी अपात्र ठरतो, हे कसं? आणि वैद्यांच्या संघटनांनाही माझा तितकाच आग्रह आहे. भारतीय वैद्यकपद्धतींच्या 2020च्या कायद्यात एक्झिट टेस्टची (पदवीनंतरच्या परवाना-परीक्षेची) तरतूद आहे; तिच्यात एक पूर्ण पेपर फक्त ‘कधी थांबायचं आणि कुठे पाठवायचं’ यावर मागून घ्या. सेप्सिस, पक्षाघात, गरोदरपणातला रक्तदाब, लहान मुलाचा निर्जलीकरणाचा टप्पा. नापास झालेल्याला दवाखाना उघडू देऊ नका.

शिस्त मला इथली हवी आणि वैद्याला मिळणारा मान तिथला. इथे इतकं राहूनही यातलं एक सोडून दुसरं निवडणं मला जमत नाही. या वादात मी वैद्यांच्या बाजूचा आहे, म्हणूनच तो पेपर त्यांनी स्वतः मागावा असं वाटतं.