‘शॅम्पेन न देता स्वस्तात उरकले’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्पार्कलिंग (फेसाळ) आणि डेझर्ट (जेवणाअखेरच्या गोड) वाइनच्या आमच्या टेस्टिंगबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप असे आहेत: शॅम्पेन न ठेवता स्वस्त वाइनवर भागवले, ‘एक्स्ट्रा ड्राय’ (शब्दशः ‘अतिशय कोरडी’, म्हणजे गोडी नसलेली) लिहिलेली प्रोसेक्को ही इटालियन स्पार्कलिंग वाइन गोड निघाली, आणि डेझर्ट वाइन जेमतेम दोन घोट ओतून तिच्यासोबत केकऐवजी ब्लू चीज (निळी बुरशी असलेले खारट चीज) दिले.

शॅम्पेन नसणार हे ठरवूनच केले होते आणि निमंत्रणात ‘परवडणाऱ्या वाइन’ असे स्पष्ट लिहिले होते. ज्या खर्चात एक नामांकित शॅम्पेन आली असती, त्यात वेगवेगळ्या पद्धतींच्या अनेक बाटल्या शेजारी शेजारी ठेवता आल्या, आणि टेस्टिंगमध्ये शिकण्यासारखे जे काही असते ते अशा तुलनेतूनच हाती लागते. शॅम्पेनच्या चवीत मोठा वाटा बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या किण्वनाचा (आंबण्याचा) आणि त्यानंतर यीस्टच्या गाळावर वाइन मुरत राहण्याचा असतो. विशिष्ट वर्षाची नसलेली शॅम्पेन किमान 15 महिने बाटलीत ठेवावी लागते आणि त्यांपैकी 12 महिने गाळावर. स्पेनची कावा याच पद्धतीने बनते. साध्या कावासाठी 9 महिन्यांची अट आहे, तर ‘रिझर्व्हा’साठी 18 महिन्यांची. आम्ही रिझर्व्हा निवडली ती यामुळे. कावा म्हणजे शॅम्पेन नव्हे, हे मान्यच आहे. तिची द्राक्षे बहुधा माकाबेओ, शारेल्लो आणि पारेल्यादा ही असतात, हवामान अधिक उष्ण असते आणि शॅम्पेनचा तो धारदार आंबटपणा तिच्यात सहसा सापडत नाही. पण ती घाईघाईने बनवलेली वाइन आहे, हे आपले म्हणणे मला पटत नाही. तिच्या शेजारी ठेवलेल्या प्रोसेक्कोला आपण ‘हलकी’ म्हटलेत. ती तशीच असायला हवी, कारण तिचे दुसरे किण्वन सहसा मोठ्या बंद टाकीत होते आणि ती गाळावर फार काळ ठेवत नाहीत. ग्लेरा द्राक्षाचा ताजा, फळांचा गंध त्यामुळेच टिकतो.

गोडीबद्दलची आपली चव मात्र अगदी अचूक होती. स्पार्कलिंग वाइनच्या लेबलांवर ‘ब्रूट’ म्हणजे प्रतिलिटर 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे 12 ते 17 ग्रॅम. अर्थात एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोडच असते. त्यापुढे ‘सेक’ 17 ते 32 आणि ‘डेमी-सेक’ 32 ते 50 ग्रॅम. ही नावे रूढ झाली त्या काळी शॅम्पेन आजच्यापेक्षा पुष्कळ गोड प्यायली जात असे, त्या मानाने हे प्रमाण कोरडेच वाटत असणार. शिवाय थंडपणा आणि आंबटपणा गोडीला झाकतात, त्यामुळे ग्लास हातात जसजसा कोमट होतो तसतशी तीच वाइन अधिक गोड लागते. कमी गोड हवी असेल तर लेबलावर ‘ब्रूट’, ‘एक्स्ट्रा ब्रूट’ किंवा ‘ब्रूट नेचर’ शोधावे. या शेवटच्या प्रकारात 3 ग्रॅमपेक्षाही कमी साखर असते.

आता डेझर्ट वाइन. सोतेर्न या फ्रेंच गोड वाइनचे नाव मोठे आणि किंमतही तशीच, म्हणून आम्ही मोंबाझियाक ही दुसरी फ्रेंच गोड वाइन घेतली. दोन्हीकडे द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येते, सालीतून पाणी उडून जाते, मणी सुरकुततात आणि आतली साखर, आंबटपणा व सुवास दाट होतात. अशी द्राक्षे एकाच वेळी तयार होत नसल्याने मजूर त्याच वेलींवर पुन्हा पुन्हा फिरून ती वेचतात, आणि रस थोडाच निघतो. या श्रमांमुळे परवडणारी डेझर्ट वाइनसुद्धा फार स्वस्त मिळत नाही. इतकी दाट, गोड वाइन टेस्टिंगमध्ये सुमारे 50 मिलिलिटरच ओततात. त्याहून जास्त प्यायल्यास जीभ थकते आणि पुढच्या ग्लासातले काही कळत नाही, असा माझा अनुभव आहे. तिच्याआधी ठेवलेली मोस्कातो दास्ती आपल्याला आवडली, याचा आनंद आहे. जेमतेम पाच टक्के अल्कोहोलची ती मंद फेसाळ वाइन कोरड्या बाटल्यांकडून गोड बाटल्यांकडे नेण्यासाठीच होती.

केक न देण्याचे कारण असे की, पदार्थ वाइनपेक्षा गोड असला तर वाइन आंबट आणि पोकळ लागते. चॉकलेट केकसोबत मोंबाझियाकचे बहुतेक तेच झाले असते. ब्लू चीजचा खारटपणा मात्र त्या गोडीला तोलून धरतो. रोकफोर हे ब्लू चीज आणि सोतेर्न ही जोडी फ्रान्समध्ये याच कारणाने रुळली आहे. आपल्याला ब्लू चीजचा उग्र वासच नकोसा वाटत असेल, तर तो आवडीचा प्रश्न आहे आणि त्यावर माझा वाद नाही. अशा पाहुण्यांसाठी खारवलेले बदाम ठेवलेले असतात. वाढणाऱ्यांकडे मागितल्यास मिळतात.

पुढील टेस्टिंगच्या यादीत प्रत्येक वाइनपुढे साखरेचे प्रमाण छापलेले असेल. शॅम्पेन त्या यादीतही नसेल. तिची टेस्टिंग आम्ही स्वतंत्रपणे घेतो आणि तिचे शुल्कही वेगळे असते.

आपला,
संचालक