गेट बंद झालं, आता चालणाऱ्यानं जायचं कुठनं?

उड्डाणपूल झाला की खालचं गेट बंद, असा रेल्वेचा शिरस्ता आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गेट पडल्यावर दोन्हीकडं लागणारी रांग, दांडीखालनं गाडी वाकडी करून घुसणारे दुचाकीवाले, मध्येच अडकलेली ॲम्ब्युलन्स, हे बेळगावकरांना नवीन नाही. कपिलेश्वरला पूल झाला, गोगटे सर्कलजवळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पाडून नवा झाला, तिसऱ्या गेटावरही झाला. चाकांची सोय झाली, बरं झालं. पण चपला घालून जाणाऱ्याचा हिशोब या सगळ्यात कुठंच नाही. हे मी चिडून म्हणत नाहीये, तो खरोखरच कागदावर नाही.

कसा ते सांगतो. गेटावर पूल मंजूर करायचा की नाही, हे ठरवायला रेल्वेकडं ‘टीव्हीयू’ नावाचं माप आहे. दिवसाला किती रेल्वेगाड्या जातात आणि गेट ओलांडून किती वाहनं जातात, त्यांचा गुणाकार करायचा. तो लाखावर गेला की खर्चात निम्मा वाटा घेऊन उड्डाणपूल, असा वर्षानुवर्षांचा निकष. यात मोटार एक, बैलगाडी एक, टांगा एक, रिक्षा अर्धी. आणि डोक्यावर बुट्टी घेऊन जाणारी बाई? शून्य. बेळगावात टांगा शेवटचा कधी बघितला ते आठवून बघा. त्याला मापात जागा आहे, आपल्याला नाही.

आमच्या भागातलं गेट बंद झालं तेव्हा दोन्ही बाजूंना जुन्या रुळांचे तुकडे उभे पुरले. मोटारसायकलसुद्धा जाऊ नये एवढंच अंतर. माणूस मात्र आडवा होऊन बरोबर जातो. महिन्याभरात तिथं पायवाट पडली. एकीकडं वस्ती, दुसरीकडं शाळा, बाजार, कारखाने आणि काहींचं शिवार. पुलावरनं वळसा घालायचा तर चढ, ऊन, आणि कडेला धड फूटपाथ नाही. कोण जाणार? तरणी पोरं पण जात नाहीत.

मालगाडी सिग्नलला थांबली की खरा प्रकार बघायला मिळतो. वाट आडवून वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, उभ्या. आमच्या गल्लीतली भाजी विकणारी मावशी आधी बुट्टी दोन वाघिणींच्या जोडाखालनं पलीकडं सारते, मग पदर खोचून स्वतः वाकून जाते. तिच्या मागनं दप्तर पोटाशी धरून शाळेची पोरं. मी एकदा म्हटलं, मावशी, गाडी हलली म्हणजे? तर म्हणाली, “हलायच्या आधी ब्रेक सुटल्याचा फुस्सकन आवाज येतोय की रे. तेवढ्यात होतंय माझं. पुलावरनं गेले तर बाजार उठल्यावर पोचतोय मी.” हे ऐकल्यावर तिला सुरक्षेचं व्याख्यान काय देणार? कायद्यानं ती गुन्हेगार. रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फलक लावलाय तिथं. कन्नड, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत ‘जाऊ नका’. जायचं कुठनं, ते एकाही भाषेत नाही.

पूर्वी हे एवढं जिवावरचं नव्हतं, कारण लाईन एकेरी होती. गाडी गेली की वाट मोकळी. २७ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांनी इथं येऊन नव्या स्टेशनबरोबर लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुपदरीकरणाचंही लोकार्पण केलं. सुमारे ९३० कोटींचं काम, आणि त्याचा फायदा मी स्वतः घेतो, उगाच नाकं मुरडणार नाही. पण आता मिरजेकडं जाणारी गाडी समोरनं सरकत असताना तिच्या आडून लोंढ्याला जाणारी येत असते. ती दिसत नाही, आणि पहिलीच्या खडखडाटात ऐकूही येत नाही. त्यात विजेची इंजिनं. डिझेलचं इंजिन लांबूनच धडधडत यायचं, वंदे भारत तशी सांगून येत नाही. २०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीनं देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात असं लिहून ठेवलं होतं आणि कुठलाही सुसंस्कृत समाज हे खपवून घेणार नाही असं बजावलं होतं. आपण खपवून घेतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी येतात, विषय संपतो.

“मग पादचारी पूल मागा की,” असं बरेच जण म्हणतात. इथंच माझा मतभेद आहे. मला पूल नको, रुळांखालनं जाणारा भुयारी मार्ग हवाय. वर २५ हजार व्होल्टची तार आहे. तिच्यावरनं पूल न्यायचा तर रुळापासून सव्वासहा-साडेसहा मीटर तरी मोकळे सोडावे लागतात, त्यावर पुलाची जाडी. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा. खालनं जायला माणसाला अडीच मीटर उंची पुरते. वरचा स्लॅब आणि खडी धरून साडेतीन-चार मीटर उतरलं की झालं, आणि जिथं रूळ भरावावर आहेत तिथं तेवढंही नाही. मग पायऱ्यांऐवजी उतार करता येतो. सायकल जाते, भाजीची हातगाडी जाते, गुडघे दुखणारी म्हातारी जाते. पायऱ्यांचा पूल बांधा, फीत कापा, फोटो काढा, आणि लोक परत त्याच पायवाटेनं जाताना बघा. कुठल्याही स्टेशनवर जाऊन खात्री करून घ्या.

“चालू लाईनीखाली खणणार कसं” ही भीतीही तशीच. रस्ता नसून नुसती पायवाट असेल तर काम फार मोठं नाही. एक पद्धत ब्लॉक घेऊन. काँक्रीटचे बॉक्स आधीच बाजूला ओतून ठेवतात, चार-सहा तास गाड्या थांबवून रूळ उचलतात, खणतात, क्रेननं बॉक्स ओळीनं बसवतात, माती-खडी भरून रूळ परत टाकतात. पुढचे काही दिवस गाड्या हळू. दुसरी पद्धत बॉक्स पुशिंगची. भरावाच्या कडेला अख्खा बॉक्स ओतायचा, वरचे रूळ गर्डरवर तोलायचे आणि मागनं हायड्रॉलिक जॅक लावून कपाटात ड्रॉवर सरकवावा तसा बॉक्स आत ढकलायचा. पुढच्या तोंडाशी माणसं माती काढत जातात, बॉक्स थोडा थोडा सरकतो, वरनं गाड्या धिम्या गतीनं चालूच. फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सवर जगणाऱ्या, उद्यमबागसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या गावानं जॅकला घाबरावं, हे मला जरा लाजिरवाणंच वाटतं. खरा वेळ जातो तो सिग्नलच्या केबली हलवण्यात आणि फायलींत.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. पाणी. आपल्याकडचा जुलै माहीत असूनसुद्धा जो भुयारी मार्गाचा खालचा तळ नाल्याच्या पातळीखाली ठेवील त्याला आधी बळ्ळारी नाल्याच्या काठावर उभं करावं. शहापूर-वडगावच्या शिवारात भात पाण्याखाली जातो तो बघितलेल्या माणसाला उताराचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. तोंडाशी उंचवटा हवा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत उतरणार नाही. दोन्ही उतारांवर पत्र्याचं छप्पर हवं. आतलं पाणी शक्यतो आपोआप नाल्यात जावं, पंपावर भिस्त नको. पंप बसतो, उद्घाटन होतं, आणि पहिल्याच पावसात कळतं की त्याचं बिल कुणी भरायचं ते ठरलेलं नाही. बॉक्स रेल्वेचा, बाहेरचा रस्ता, दिवे आणि गटार स्थानिक संस्थेचं, असा बहुतेक ठिकाणी कारभार. मग दिवा गेला की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. हे आधी लेखी ठरवून घेतलं नाही तर भुयार न झालेलंच बरं, असं मी स्पष्ट म्हणतो.

रात्री बायकांनी त्यातनं कसं जायचं, दारुडे बसतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर माझ्याकडं जादू नाही. दोन रुळांखालचा बॉक्स बारा-पंधरा मीटरचा असतो. सरळ ठेवला, रुंद ठेवला, आत वळण घेतलं नाही, तर तोंडाशी उभं राहून पलीकडचं दिसतं. दिवे लागले पाहिजेत, आणि तोंडाशी एखादी चहाची टपरी असली तर ती हटवू नये. अतिक्रमण म्हणा हवं तर.

निवेदन घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो होतो. साहेब भले होते, चहा पाजला. म्हणाले, “तुम्हाला ब्रिज दिलाय की.” मग कळलं की गेट एकदा बंद झालं की भुयाराची मागणी ‘नवीन’ धरली जाते. म्हणजे डिपॉझिट वर्क. सगळे पैसे राज्यानं किंवा पालिकेनं आधी भरायचे, मग काम. गेट चालू असताना तीच मागणी गेटाच्या बदल्यात धरता येते. म्हणून खानापूर, देसूर, सुळेभावी, पाच्छापूर या पट्ट्यात ज्यांच्या गावाजवळ अजून गेट आहे त्यांना हात जोडून सांगतो, गेट बंद करायला जिल्हा प्रशासनाची संमती लागते. ते पत्र जायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या, की पायी माणसांसाठी उतार असलेला भुयारी मार्ग आधी, संमती मागनं. आपल्याकडं रेल्वे म्हटलं की चर्चा कित्तूरमार्गे धारवाडच्या लाईनीची. तीही व्हावीच. पण ती चर्चा करायला नेते आहेत. ही आपल्यालाच करावी लागणार.

आमच्या भागापुरतं आम्ही एक ठरवलंय. मापात आपण शून्य आहोत ना, मग आपणच मोजू. सकाळी शाळेच्या वेळेला, संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटताना आणि बाजाराच्या दिवशी, पायवाटेच्या कडेला वही घेऊन बसायचं. पोरं किती, बायका किती, सायकली किती, ओझं घेतलेले किती, मालगाडीखालनं गेलेले किती. फोटो लांबून काढायचे, चेहरा दिसेल असे नकोत, नाहीतर उद्या त्याच फोटोवरनं मावशीला दंड व्हायचा. हे आकडे जोडून निवेदन पुन्हा देणार, कन्नडमध्येही आणि मराठीतही. ज्यांना सकाळचे दोन तास काढता येतील त्यांनी कमेंटमध्ये फक्त गल्लीचं नाव टाका, मी फोन करतो. वही मी आणतो, छत्री तुमची तुम्ही आणा.