दिस रे मेल्या

1994 सालची गोष्ट. साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसबिलांचा प्रोग्राम मी क्लिपरमध्ये लिहिला होता. क्लिपर म्हणजे डीबेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या भाषेचा कंपायलर. त्याला पीआरजी, म्हणजे आपण लिहिलेली फाईल दिली की तो ओबीजे, म्हणजे तिचं मशीनच्या भाषेतलं रूप काढून देई आणि मग लिंकर सगळ्या ओबीजे बांधून एक ईएक्सई, म्हणजे चालवायचा प्रोग्राम करी. ओबीजे पडायची मात्र जिथं उभे असू त्याच डिरेक्टरीत, म्हणजे आताच्या भाषेत फोल्डरमध्ये. फाईलींची यादी बघायला डीआयआर मारलं की पीआरजी, ओबीजे, इंडेक्सच्या एनटीएक्स, सगळं लग्नघराच्या दारातल्या चपलांसारखं.

म्हटलं, शिस्त लावू. ‘ओबीजे’ नावाची वेगळी डिरेक्टरी केली, जुन्या ओबीजे हातानं तिच्यात हलवल्या आणि बॅच फाईलमध्ये, म्हणजे ओळीनं चालवायच्या कमांडींच्या फाईलमध्ये, क्लिपरचा ‘/ओ’ हा स्विच घातला. त्याच्यापुढं डिरेक्टरीचा पत्ता दिला की माल तिकडं जातो. मॅन्युअल आमच्याकडं होतं, पण झेरॉक्स. नेमकं ते पान अर्धं काळं आलेलं.

त्याच आठवड्यात कारखान्यातून फोन. एका शेतकऱ्याच्या बिलातून वाहतूक, म्हणजे ऊस आणायचा खर्च, दोनदा कापली गेली होती. चूक पाच मिनिटांत सापडली. दुरुस्त केलं, कंपाइल केलं, लिंक केलं, फ्लॉपी घेऊन एसटीनं कारखान्यावर गेलो. वाहतूक दोनदाच कापली गेली.

“या, चहा घ्या,” चीफ अकाउंटंट म्हणाले. ते असं म्हणाले की पोटात गोळा यायचा.

तिथंच बसून पुन्हा कंपाइल केलं. क्लिपर इमानदारीत कोड साइज, सिम्बॉल्स वगैरे आकडे दाखवत होता. फरक शून्य. मग आपण सगळे करतो तेच केलं. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, स्क्रीनवर ‘हॅलो’ दिसू दे. दिसेना. दुसरी घातली, ‘आता तरी दिस’. दिसेना. म्हटलं, व्हायरस असेल.

“कुठला व्हायरस?”

“जोशी असेल.” त्या नावाचा व्हायरस खरंच होता. 5 जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा.

“आमच्याकडं दोन जोशी आहेत,” साहेब गंभीर झाले. “केन यार्डातले की स्टोअरमधले?”

संध्याकाळी सातला, दुसरं काही सुचेना म्हणून ओबीजे डिरेक्टरीतल्या तारखा बघितल्या. सगळ्या गेल्या आठवड्यातल्या! आणि बाहेर, पीआरजींच्या गर्दीत, आत्ताच्या वेळेची एकच फाईल: ओबीजे डॉट ओबीजे. दिवसभर मी तिला डिरेक्टरी समजून पुढं जात होतो.

पत्त्याच्या शेवटी बॅकस्लॅश द्यायचा राहिला होता. तो असेल तर क्लिपर त्याला डिरेक्टरी समजतो, नसेल तर फाईलचं नाव. त्यामुळं माझे बावीसच्या बावीस प्रोग्राम त्या एकाच फाईलमध्ये, प्रत्येक जण आधीच्याच्या छातीवर बसलेला. लिंकर मात्र बिचारा आतल्या जुन्या ओबीजे बांधत होता.

एक तिरकी रेघ घातली. कंपाइल, लिंक. साहेबांना बोलावलं, “बघा आता.” वाहतूक एकदाच कापली गेली. आणि त्याआधी, ओळीनं, स्क्रीनवर आलं:

हॅलो
आता तरी दिस
दिस रे मेल्या
गेला कारखाना खड्ड्यात

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हे बिलावर पण छापून येणार का?”